दाढ ठणकायची थांबली म्हणजे बरी झाली असं नाही! रूट कॅनाल कधी लागतं? ही लक्षणं ओळखा

सोयाबीनची काढणी असो की ऊसतोड, घाईच्या दिवसात दाढ दुखायला लागली की मेडिकलवरून गोळी आणायची, लवंग धरायची आणि दिवस ढकलायचा, हे गावोगाव चालतं. चार दिवसांनी ठणका थांबतो आणि दवाखान्यात जायचं राहून जातं. मात्र खूप ठणकणारी दाढ उपचाराशिवाय आपोआप शांत झाली, तर बऱ्याच वेळा आतली नस मेलेली असते. दुखणं थांबतं, पण जंतू आतच राहतात आणि मुळाशी पू धरतो.

आत नेमकं काय होतं?

दाताला वरून कडक आवरण, त्याखाली थोडा मऊ थर आणि मधोमध गाभा असतो. गाभ्यात नसा व रक्तवाहिन्या असतात. कीड वरच्या दोन थरांत असेपर्यंत दात साफ करून सिमेंट भरलं की भागतं. गाभ्यापर्यंत पोचली की आत सूज येते. चारी बाजूंनी कडक भिंत असल्याने सूज पसरायला जागा नसते, म्हणून ठणका सहन होत नाही. अशा वेळी दात वाचवायचा तर रूट कॅनाल करावं लागू शकतं.

ही लक्षणं दिसली तर दात दाखवा

- गार पाणी किंवा गरम चहा घेतल्यावर उठलेली कळ लगेच न जाता बराच वेळ टिकणे
- काही खाल्लं-प्यालं नसताना दाढ आपोआप ठणकणे, रात्री आडवं झाल्यावर ठणका वाढणे
- गरम लागलं की दुखणे आणि गार पाणी धरलं की बरं वाटणे
- भाकरी चावताना किंवा दातावर दात टेकताच कळ येणे
- कान, कानशील किंवा जबडा दुखणे आणि नेमका कोणता दात दुखतोय तेच न कळणे
- हिरडीवर पुटकुळी येणे, ती फुटून पू येणे, पुन्हा भरणे
- दात काळपट पडणे. गाडीवरून पडून किंवा बैलाचं शिंग लागून मार बसलेला दात कित्येक महिन्यांनी, कधी वर्षांनीही काळा पडतो. तो दुखेलच असं नाही

प्रत्येक दुखण्याला रूट कॅनाल नाही

गार लागून क्षणभर सणक जाते आणि लगेच थांबते, तेव्हा बहुतेक वेळा दात झिजलेला असतो किंवा हिरडी खाली सरकलेली असते. मिश्री आणि जोरात घासण्याने असं होतं. दोन दाढांत अन्न अडकणे, अक्कलदाढेची हिरडी सुजणे, सर्दीने वरच्या दाढा दुखणे ही कारणंही असतात. त्यामुळे तपासणी आणि एक्स-रे झाल्याशिवाय नक्की सांगता येत नाही.

उपचारात काय करतात?

इंजेक्शन देऊन दात बधिर करतात, खराब गाभा काढतात, मुळातल्या नळ्या साफ करून भरतात. पुढच्या दाताला बहुधा एकच नळी असते, दाढेला तीन-चार. म्हणून दाढेला वेळ जास्त लागतो. काम एका बैठकीत होतं किंवा दोन-तीन चकरा होतात. नंतर दाढेवर बहुतेक वेळा कॅप बसवावी लागते. पहिल्या बैठकीनंतर दुखायचं थांबलं म्हणून उपचार अर्धवट सोडले, तर जंतू पुन्हा आत शिरतात.

दात फारच तुटला किंवा हलत असेल तर काढावाही लागतो. वरची दाढ काढली की नजर जाते, हा मात्र निव्वळ गैरसमज आहे.

हे करू नका

- मनाने अँटिबायोटिक घेऊ नका. मेलेल्या गाभ्यात रक्त पोचत नाही, त्यामुळे औषधही पोचत नाही.
- वेदनेच्या गोळ्या दिवसेंदिवस खाऊ नका. पोटाला आणि किडनीला त्रास होतो.
- दाढेत गोळी किंवा तंबाखू दाबू नका. गोळीने हिरडी भाजते.
- रिंगणीच्या बियांची धुरी देऊन किडे काढून दाखवणाऱ्यांच्या नादी लागू नका. दाताची कीड म्हणजे अळी नव्हे. जंतूंच्या आम्लाने दात पोखरला जातो.

इथे थांबू नका, त्याच दिवशी दवाखाना गाठा

गालावर किंवा जबड्याखाली सूज वाढतेय, ताप आहे, तोंड उघडत नाही, गिळायला किंवा श्वास घ्यायला त्रास होतोय, तर रात्र असली तरी मोठ्या रुग्णालयात जा. ही सूज गळ्याकडे उतरली तर जिवावर बेतू शकतं. शुगरच्या रुग्णांनी जास्त जपावं.

कुठे जायचं?

दंतचिकित्सक असलेल्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दात दाखवता येतो. तिथे रूट कॅनाल होतं का आणि कोणत्या वारी, हे आधी विचारा. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खासगीत गेलात तर कॅपसह एकूण खर्च सुरुवातीलाच विचारून घ्या. शुगर, बीपी, रक्त पातळ करायची गोळी, औषधाची ॲलर्जी किंवा गरोदरपण असेल तर डॉक्टरांना आधीच सांगा.