घरगुती संगणकाचें पहिलें पुस्तक

ज्या १९८२ सालीं उस्मानाबादेपासून लातूर जिल्हा वेगळा झाला, त्याच सालीं विलायतेंत टंकलेखनयंत्राएवढें एक यंत्र घरांतून व शाळांतून शिरूं लागलें होतें. त्याचें नांव बी. बी. सी. मायक्रो. केंब्रिजच्या एकॉर्न कंपनीनें तें बनविलें होतें आणि ब्रिटिश नभोवाणी मंडळानें त्याच्या साहाय्यानें दूरचित्रवाणीवर संगणकाचे पाठ आरंभिले होते.

यंत्र सुरू केलें कीं पडद्यावर एक खूण लुकलुके व तें आज्ञेची वाट पाही. आज्ञा ठाऊक नसेल त्यास तें मुकें! म्हणून नवशिक्यांसाठीं व्यवहारोपयोगी आज्ञावलींचीं पुस्तकें निघालीं. एकॉर्नच्या आधींच्या ‘ॲटम’ यंत्राची मार्गदर्शिका लिहिणारे डेव्हिड जॉन्सन-डेव्हिस यांनींहि ह्या दोन्ही यंत्रांकरितां असें पुस्तक लिहिलें.

ह्या पुस्तकांची भाषा बेसिक. अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत केमेनी व कुर्ट्झ ह्या गणिताच्या अध्यापकांनीं १९६४ सालीं ती रचली. शास्त्रशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांसहि संगणक वापरतां यावा, हा त्यांचा हेतु. प्रत्येक ओळीस क्रमांक असे. व्याजाचा हिशेब घ्या. १० वी ओळ मुद्दल विचारी, २० वी दर, ३० वी वर्षें. ४० वी तिघांचा गुणाकार करून शंभरानें भागी, ५० वी उत्तर दाखवी. मुद्दलांत व्याज मिळवावयाचें राहिलें, तर ४५ वी ओळ मागाहून घालतां येई. क्रमांक दहा-दहांनीं सोडण्याचें मर्म हेंच. चूक होणार, हें गृहीत धरूनच जागा राखलेली असे.

आपल्याकडील अंकलिपीनें पाढे, पावकी, निमकी मुखोद्गत करविलीं. तिनें उत्तरें दिलीं. ह्या पुस्तकानें उत्तर काढण्याची रीत लिहावयास लाविली. एक अक्षर चुकलें तरी यंत्र अडे व ओळीचा क्रमांक सांगे. वाचक ती ओळ सुधारी, आणि असें करतां करतां नकलणारा हात रचूं लागे.

भारत सरकारनें १९८४-८५ मध्यें ‘क्लास’ योजनेखालीं हींच यंत्रें शाळांत नेलीं. पण सबंध देशांत शाळा सुमारें २५०! शिवाय आज्ञा साऱ्या इंग्रजी. मराठी शाळेंतील मुलास तर्काच्या उंबरठ्याआधीं परभाषेचा उंबरठा ओलांडावा लागे.

त्या यंत्राच्या मोठ्या नमुन्याची स्मृति ३२ किलोबाइट होती. आज जळकोटच्या बाजारांत मिळणाऱ्या साध्या मोबाइलची स्मृति तिच्या लाखपट भरेल. परंतु मोबाइल आज्ञा लिहिली जाण्याची वाट पाहत नाहीं. सर्व कांहीं तयार करून पुढें ठेवतो. व्याज किती, हें तो क्षणांत सांगतो. कसें काढलें, हें सांगत नाहीं. कर्जाच्या कागदावर अंगठा उठविणाऱ्या पिढ्या ज्या प्रदेशानें पाहिल्या, तेथें ह्या ‘कसें’ची किंमत निराळी सांगावयास नको.