एका सुताचा फरक

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आमच्या साखऱ्याच्या घरी औतफाट्याची पूजा होते. नांगर, वखर, तिफण, कुऱ्हाड, विळे ओळीने मांडायचे, हळदकुंकू वाहायचे आणि प्रत्येकावर झेंडूचे एकेक फूल ठेवायचे. 1976 साली आजोबांनी एक जुना ट्रॅक्टर विकत घेतला, तेव्हापासून तोही या पंक्तीत आला. परंतु 1982 नंतर त्याच्या पूजेत एक चमत्कारिक भेद सुरू झाला. आजोबा चाकांना कुंकू लावीत, स्टिअरिंगला हार घालीत आणि इंजिनापाशी आले की हात आखडता घेत. ‘चाकं आपली हायेत, इंजिन परकं हाय,’ एवढेच म्हणत. 1991 साली ते गेले. पण हा रिवाज आम्ही परवापरवापर्यंत इमानाने पाळला.

हे बोल इंजिनाला नव्हते, थोरल्या काकांना होते. 1982 च्या उन्हाळ्यात नांगरट चालू असताना इंजिन तापून त्याचा ब्लॉक फुटला. काका ट्रॅक्टर नांदेडला घेऊन गेले आणि महिन्याभराने तो धडधडीत चालू करून परत आणला. पुढे कर्जाच्या कामासाठी नोंदणीपुस्तक बाहेर निघाले, तेव्हा पुस्तकातला इंजिन क्रमांक आणि इंजिनावर ठोकलेला क्रमांक यांचा मेळ बसेना. आजोबांनी तिथल्या तिथे निवाडा केला : पोराने चांगले इंजिन विकले, कुठले तरी भंगार बसवले आणि मधले पैसे खाल्ले. काकांनी एकदाच सांगितले, ‘आपलं फुटलं व्हतं, दुसरं बसवलं.’ त्यानंतर ते या विषयावर कधी बोलले नाहीत. दोन वर्षांत वाटण्या झाल्या, चुली वेगळ्या झाल्या. ट्रॅक्टर आमच्या वाट्याला आला आणि काकांच्या वाट्याला तो आरोप.

मी त्या वेळी परभणीला शिकत होतो. पुढे इतिहासाचा मास्तर झालो. राजवाड्यांनी 1898 मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला आणि अस्सल कागदाचे मोल महाराष्ट्राला पटवले, हे मी तीस वर्षे मुलांना सांगत आलो. कागद तपासल्यावाचून विधान करू नये, हेही सांगत आलो. पण आमच्याच अंगणात, कडुनिंबाखाली, एक दस्तऐवज चार चाकांवर उभा होता, तो मात्र मी एकदाही उघडून पाहिला नव्हता.

तो पाहण्याची वेळ यंदा आली. जुनी यंत्रे हौसेने जमवणारे एक गृहस्थ ट्रॅक्टर पाहावयास आले. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, ‘मास्तर, इंजिन मूळचं आहे काय?’ मी म्हणालो, ‘नाही.’ ‘मग कुठलं आहे?’ याला मजजवळ उत्तर नव्हते.

आता थोडा इतिहास सांगितला पाहिजे. साखरा आज हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगाव तालुक्यात आहे. 1 मे 1999 ला हिंगोली वेगळा होईपर्यंत आम्ही परभणी जिल्ह्याचे. आमच्या काळ्या रानात हरळी आणि कुंदा एकदा शिरले की बैलांच्या नांगराला हार जात नाहीत. मुळापर्यंत खोल नांगरट करावी लागते. असल्या जमिनीचे दुखणे साऱ्या देशाला होते. मध्य भारतातली कांसाने खाल्लेली लक्षावधी एकर जमीन मोकळी करण्यासाठी सरकारने अवजड ट्रॅक्टर आणवले आणि 1949 साली जागतिक बँकेने शेतीच्या यंत्रांसाठी भारताला एक कोटी डॉलरचे कर्ज दिले. पण ती सरकारी यंत्रे. शेतकऱ्याच्या दारात उभा राहील असा ट्रॅक्टर या देशात तयार होऊ लागला तो 1959 नंतर. 1963 साली महिंद्र, शिकागोची इंटरनॅशनल हार्वेस्टर आणि व्होल्टास या तिघांनी मिळून इंटरनॅशनल ट्रॅक्टर कंपनी काढली. मुंबईत कांदिवलीला तिचा कारखाना उभा राहिला आणि तेथून बी-275 हा पस्तीस अश्वशक्तीचा तांबडा ट्रॅक्टर बाहेर पडू लागला. इंग्लंडात डॉनकास्टरला 1958 पासून बनत होता, त्याचाच हा भारतीय अवतार. 1972 च्या दुष्काळात आमच्या भागातली जनावरे चाऱ्यावाचून गेली. त्यानंतर आजोबांनी घेतला तो हाच ट्रॅक्टर, दुसऱ्याच्या हाताखालून आलेला.

इंजिन बदलणे म्हणजे काही तरी लबाडी, ही आमची घरगुती समजूत. जगाचा अनुभव निराळा आहे. इंग्लंडातला प्रसिद्ध फर्ग्युसन टीई-20 कॉव्हेन्ट्रीच्या कारखान्यात 1946 साली बनू लागला, तेव्हा त्याचे स्वतःचे इंजिन तयारच नव्हते. पहिल्या ट्रॅक्टरांत अमेरिकेहून आणलेले कॉन्टिनेन्टल इंजिन बसवले. स्टँडर्ड कंपनीचे इंजिन नंतर आले. पुढे डिझेल स्वस्त पडते म्हणून कित्येक शेतकऱ्यांनी तेही काढून तीन नळकांड्यांचे पर्किन्स इंजिन बसवून घेतले. त्यात कोणी कोणाला चोर म्हटले नाही. याच जातीचे ट्रॅक्टर घेऊन एडमंड हिलरी 4 जानेवारी 1958 रोजी दक्षिण ध्रुवावर पोहोचला!

लांब कशाला जा? पुण्याला 1946 साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स कंपनी निघाली, तेव्हापासून आपल्या खेड्यांत इंजिन हे एका जागी बसणारे यंत्र राहिलेच नाही. सकाळी ते विहिरीवर पाणी उपसते, दुपारी त्याच्यावर पिठाची गिरणी फिरते, सुगीत मळणीयंत्र चालते. पंजाबातल्या स्वराज ट्रॅक्टरची इंजिने करण्यासाठी 1985 साली मोहालीकडे जी कंपनी स्थापन झाली, तिलाही किर्लोस्करांचेच सहकार्य होते. तात्पर्य, वरच्या पत्र्यावर नाव एकाचे आणि आत काळीज दुसऱ्याचे, ही ट्रॅक्टरांच्या कुळातली राजमान्य रीत आहे. मात्र एक अट आहे : अदलाबदल झाली की ती परिवहन कार्यालयात सांगून नोंदणीपुस्तकात चढवून घेतली पाहिजे. आमच्या घरी ती चढवली गेली नाही, आणि सारा घोळ तेथेच झाला.

हिंगोलीहून मी एका वयस्क मिस्त्रींना बोलावून आणले. त्यांनी चहा घेतला, इंजिनाला घासलेटाने आंघोळ घातली आणि मला शिकवणी सुरू केली.

‘मास्तर, इंजिनावर दोन तऱ्हेचे आकडे असतात. एक उठावाचा, एक ठोकलेला. उठावाचा आकडा ओतकामाच्या साच्यातून येतो. एका साच्यातून हजारो ब्लॉक निघतात, त्या साऱ्यांवर तोच आकडा. ते झालं आडनाव. ठोकलेला आकडा एकट्या इंजिनाचा. ते झालं त्याचं स्वतःचं नाव. नाव कानशीनं घासून दुसरं ठोकता येतं. आडनाव तसं पुसता येत नाही.’

मग त्यांनी बॅटरीच्या उजेडात ठोकलेल्या आकड्यावरून बोट फिरवले. कानशीचा ओरखडा नव्हता, आकडे एका रेषेत होते. म्हणजे क्रमांक खोटा नव्हता. फक्त आमच्या पुस्तकातला नव्हता. लबाडी करावयाची असती, तर पुस्तकातला आकडा ठोकून घेणे अवघड नव्हते. ते कोणी केले नव्हते. माझ्या मनात पहिली पाल तेथे चुकचुकली.

पुढे हेड उतरवले. मिस्त्रींनी नळकांड्याचे तोंड पुसले, माप लावले, पुन्हा लावले आणि म्हणाले, ‘हे दोनशेपंचाहत्तरचं इंजिन न्हाई.’

बी-275 च्या इंजिनाचे नाव बीडी-144. हा आकडा इंजिनाच्या पोटाचा आहे : चार नळकांडी मिळून सुमारे 144 घन इंच. त्याचा बोअर, म्हणजे नळकांड्याचा आतला व्यास, तीन इंच तीन सूत आणि दट्ट्याची धाव चार इंच. आमच्या इंजिनाचा बोअर भरला साडेतीन इंच, म्हणजे तीन इंच चार सूत. फरक एका सुताचा.

‘झिजून वाढला असेल,’ मी शंका काढली.

मिस्त्री हसले. ‘झिजून इंचाचे पाच-दहा हजारांश वाढतंय. रिबोअर केला तर चाळीस, फार तर साठ. सूत म्हंजे एकशेपंचवीस हजारांश! आन् हे बगा, उठावाचा आकडाबी मोठ्याचाच हाय.’

मी वही काढली. साडेतीन इंच व्यास, चार इंच धाव, चार नळकांडी : गणित आले 153.9 घन इंच. म्हणजे बीडी-154! डॉनकास्टरच्या चाळीस अश्वशक्तीच्या बी-414 ट्रॅक्टरात बसणारे, त्याच कुळातले थोरले भावंड. बाहेरून पाहता दोघे जुळे. एकाच्या जागी दुसरे बसते. पोटात मात्र थोरल्याला शेकडा साडेसात अधिक जागा.

याच कुळाची पुढची हकीकत आपण सर्वांनी अनुभवली आहे, फक्त ओळखली नाही. 1973 च्या तेलसंकटानंतर पेट्रोल परवडेना, तेव्हा महिंद्रांनी जीपमध्ये डिझेल इंजिन घातले. ते या बी-275 ट्रॅक्टरच्याच इंजिनावरून घेतलेले होते. 144 घन इंचांचे घन सेंटिमीटर करा, सुमारे 2350 येतात. जीपच्या त्या इंजिनाचे नाव एमडी-2350. आणि 153.9 ला 16.39 ने गुणा, येतात सुमारे 2523. पुढे गावोगाव धावलेल्या बोलेरोच्या कागदावर वर्षानुवर्षे हाच 2523 चा आकडा होता. वरात त्याच्यावर गेली, बाळंतीण त्याच्यावर दवाखान्यात पोहोचली; काळीज या नांगरणाऱ्या ट्रॅक्टरच्या गोतातले.

आता आमच्या घरच्या खटल्याचा निकाल. काकांनी चांगले विकून हलके बसवले, असा आरोप होता. इंजिन सांगत होते की फुटलेल्याच्या जागी त्यांनी अधिक मोठे आणून बसवले. आजोबांनी एका न जुळणाऱ्या आकड्यावरून, सुतावरून, स्वर्ग गाठला होता; आणि खरे सूत तर नळकांड्यात होते, जिथे कोणी पाहिलेच नाही. परंतु मोठे इंजिन फुकट मिळत नाही. वरचे पैसे कोणी दिले? लोखंड याचे उत्तर देत नाही.

त्या संध्याकाळी मी काकूंकडे गेलो. काका 2009 साली गेले. काकू पंच्याऐंशीच्या आहेत. मी सारे सांगितले. त्या वातीसाठी कापूस पिंजत होत्या, त्यांचा हात थांबला नाही.

‘त्या साली आमची बैलजोडी इकली,’ त्या म्हणाल्या. ‘म्या माहेरून आनलेली व्हती. समदे म्हनले, ट्रॅक्टर आला, आता बैल कशाला? पोळ्याला आमच्या दारात बैल नव्हते. कुनी इचारलं न्हाई, पैसं कुठं गेलं म्हून.’

‘काकांनी सांगितलं का नाही?’

‘बापाला हिशेब द्यायचा व्हय? अन् तू तर शिकलेला. तूबी इचारलं न्हाईस.’

या शेवटच्या वाक्याला माझ्यापाशी आजही उत्तर नाही. बैलजोडीची पावती उरलेली नाही. म्हणून इतिहासाचा मास्तर या नात्याने मी एवढेच म्हणेन की, इंजिनाची साक्ष आणि काकूंचे बोलणे यांत कोठेही विसंगती नाही. पुतण्या या नात्याने मला याहून अधिक पुरावा नको.

गृहस्थांना कळवले की, ट्रॅक्टर विकावयाचा नाही. इंजिनाची नोंद नीट करून घेण्यासाठी अर्ज लिहिला आहे. चाळीस वर्षांपूर्वीचे इंजिन आले कोठून, असे कारकून विचारील, तेव्हा सांगावयास आता हकीकत तरी आहे.

यंदाच्या खंडेनवमीला दोन्ही घरची मंडळी आमच्या अंगणात जमली. चाकांना कुंकू लागले, फाळाला लागले. मग मी ताट काकूंच्या हाती दिले. त्यांनी पदर सावरला, वाकून इंजिनाच्या ब्लॉकवर, त्या उठावाच्या आकड्याशेजारी, हळदीकुंकवाची दोन बोटे ओढली आणि मला म्हणाल्या, ‘फूल दे.’