वाट पाहण्याचे दिवस कुणाच्या खात्यात?

३ डिसेंबर १९६७ रोजी केपटाउनमध्ये ख्रिस्तियान बर्नार्ड यांनी एका माणसाचं हृदय काढून दुसऱ्याच्या छातीत बसवलं. रुग्ण, लुई वॉशकान्स्की, अठरा दिवस जगला. तेवढं पुरेसं झालं. जानेवारी १९६८मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डला नॉर्मन शमवे यांनी ही शस्त्रक्रिया केली, फेब्रुवारीत आपल्या परळच्या केईएममध्ये डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी. केईएममधला रुग्ण जेमतेम तीन तास जगला. त्या एका वर्षात जगभरात शंभरावर हृदयं बदलली गेली आणि बहुतेक रुग्ण काही दिवसांत किंवा महिन्यांत गेले. शरीर परकं हृदय नाकारायचं. तो नकार थोपवण्यासाठी प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं द्यावीत, तर जंतुसंसर्ग आत शिरायचा. दोन-तीन वर्षांत बहुतेक रुग्णालयांनी हा नाद सोडला. शमवेंनी सोडला नाही.

मग प्रश्न सरळ होता. ही शस्त्रक्रिया केल्याने माणूस जास्त जगतो का? की मरणाऱ्या माणसाला आपण उगाच आणखी एका यातनेतून नेतोय?

असा प्रश्न सोडवायचा राजमार्ग म्हणजे चिठ्ठ्या टाकून रुग्णांचे दोन गट करायचे, एकावर उपचार करायचे, दुसऱ्यावर नाही. इथे ते कोण करणार? हृदयं मिळायचीच मोजकी. त्यामुळे संशोधकांनी हाताशी होतं ते वापरलं. कार्यक्रमात दाखल झालेल्या काही रुग्णांना हृदय मिळालं होतं, काहींना मिळण्याआधीच मृत्यूने गाठलं होतं. या दोन गटांची तुलना १९६९मध्ये ह्यूस्टनच्या डेंटन कूली यांच्या गटाने ‘लॅन्सेट’मध्ये छापली. १९७१मध्ये स्टॅनफर्डच्या गटाने ‘अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये. दोन्हीकडे हृदय मिळालेले रुग्ण बरेच जास्त जगलेले दिसत होते.

१९७२मध्ये त्याच ‘अ‍ॅनल्स’मध्ये मिचेल गेल या डॉक्टर-संख्याशास्त्रज्ञाचा छोटासा लेख आला. त्याचं म्हणणं असं, की या तुलनेत शस्त्रक्रियेला फुकटचं श्रेय मिळतंय.

ते कसं, हे एका काल्पनिक उदाहरणातून बघू. दहा रुग्ण एकाच दिवशी यादीत आले. समजा, शस्त्रक्रिया पूर्णपणे निरुपयोगी आहे, तिने कुणाचं आयुष्य एका दिवसानेही वाढत नाही की घटत नाही. रुग्ण ५, १०, १५, २०, ४०, ६०, ८०, १००, १२० आणि २०० व्या दिवशी जाणार हे ठरलेलंच आहे. हृदयं येतात तिसाव्या दिवशी. तोवर चौघे गेलेत, उरलेल्या सहा जणांवर शस्त्रक्रिया होते. आता सरासरी काढा. ‘शस्त्रक्रिया न झालेले’ जगले साडेबारा दिवस, ‘झालेले’ शंभर दिवस. काहीही न करणाऱ्या शस्त्रक्रियेने आयुष्य आठपट केलं!

यावर कुणी म्हणेल, घड्याळ शस्त्रक्रियेच्या दिवसापासून लावू, म्हणजे वाट पाहण्याचे तीस दिवस वजा होतील. करा वजा. शंभराचे सत्तर झाले, तरी साडेबाराच्या कितीतरी पुढे. कारण गोम नुसत्या दिवसांत नाही. शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत पोहोचण्याची अटच मुळी तोवर जिवंत राहणं ही आहे. लवकर जाणारा प्रत्येक जण आपोआप दुसऱ्या गटात पडतो. या चुकीचं आजचं नाव मोठं नाट्यमय आहे: ‘इम्मॉर्टल टाइम बायस’. शस्त्रक्रिया झालेला माणूस वाट पाहण्याच्या काळात जणू अमर असतो, कारण तेव्हा गेला असता तर तो या गटात आलाच नसता.

ही युक्ती नवी नव्हती. ब्रिटनमधल्या मृत्युनोंदींचा अभ्यास करणाऱ्या विल्यम फार यांनी १८४३मध्येच ती पकडली होती. न्यायाधीश, बिशप आणि सेनापती मरताना कनिष्ठ अधिकाऱ्यांपेक्षा बरेच म्हातारे असतात, म्हणून ती पदं आरोग्यदायी म्हणायची का? मग तरुणांच्या प्रकृतीसाठी त्यांनाच न्यायाधीश करून टाका, असा टोमणा त्यांनी मारला होता. सव्वाशे वर्षांनी तोच खड्डा हृदयरोगाच्या वाटेवर पुन्हा निघाला.

चूक दाखवणं झालं, पण बरोबर हिशेब कसा मांडायचा? त्याची निम्मी सामग्री तयार होती. स्टॅनफर्डच्या एप्रिल १९७४पर्यंतच्या नोंदींत १०३ रुग्ण आहेत. ६९ जणांना हृदय मिळालं, त्यांतले ४५ गेले. ३४ जणांना मिळालं नाही, त्यांतले ३० गेले. उरलेल्या २८ जणांचं काय करायचं? त्यांच्या आयुष्याची लांबी ठाऊक नाही, किमान इतके दिवस जगले एवढंच ठाऊक. अशा नोंदीला ‘सेन्सॉर्ड’ म्हणतात. चित्रपटासारखी कात्री लागलेली, शेवट न बघितलेली. त्या टाकून दिल्या तर सगळ्यात जास्त टिकलेलेच हिशेबातून जातात.

याचं उत्तर १९५८च्या एका निबंधात होतं. बेल लॅब्जमध्ये एडवर्ड कॅप्लन समुद्राखालच्या टेलिफोन केबलमधल्या व्हॅक्यूम ट्यूब किती टिकतात ते शोधत होते. पॉल मायर यांच्यापुढे कॅन्सरच्या रुग्णांचा प्रश्न होता. दोघांनी एकाच नियतकालिकाकडे वेगवेगळे लेख धाडले, संपादकांनी ते एकत्र करायला सांगितलं आणि मतभेद मिटायला चारेक वर्षं गेली. ट्यूब असो की माणूस, कल्पना एकच: प्रत्येक मृत्यूच्या दिवशी तोवर नजरेत असलेल्यांपैकी किती वाचले ते बघा आणि ते अंश गुणत जा. अर्धवट नोंदीचा माणूस दिसेनासा होईपर्यंत मोजला जातो, पुढे नाही. हृदयरोगावरच्या शोधनिबंधांत जिन्यासारखा खाली उतरणारा आलेख दिसतो, तो हाच.

उरलेली निम्मी सामग्री नेमकी १९७२मध्येच आली, लंडनच्या इम्पिरिअल कॉलेजातल्या डेव्हिड कॉक्स यांच्याकडून. कॉक्स यांचा आग्रह समजायला सोपा आहे. एखादा रुग्ण गेला, त्या दिवशी यादीत जिवंत असलेल्या सगळ्यांना ओळीत उभं करा आणि विचारा, यांतून हाच जाण्याची शक्यता किती होती? वय, आधीची शस्त्रक्रिया वगैरे माहिती तिथे जोडा. आपल्या दृष्टीने मोलाची गोष्ट म्हणजे ही माहिती काळानुसार बदलू शकते. हृदय मिळेपर्यंत माणूस ‘न मिळालेल्यां’च्या रांगेत, मिळालं की त्या दिवसापासून दुसऱ्या. नेथन मँटेल आणि डेव्हिड बायर यांनी १९७४मध्ये याच तत्त्वाने, अधिक साध्या गणिताने, स्टॅनफर्डच्या नोंदी तपासल्या. १९७७मध्ये जॉन क्राउली आणि मेरी हू यांनी कॉक्सची पद्धत वापरली.

आपल्या दहा जणांकडे परत या. पहिल्या तीस दिवसांत सगळ्यांचे मिळून २३० दिवस जगून झाले आणि चार मृत्यू, म्हणजे साधारण ५७ दिवसांमागे एक. शस्त्रक्रियेनंतर ४२० दिवस, सहा मृत्यू, म्हणजे ७० दिवसांमागे एक. कुठे आठपट आणि कुठे हे! उरलासुरला फरकही शस्त्रक्रियेचा नाही, जास्त आजारी माणसं आधीच गेल्याचा आहे. स्टॅनफर्डमध्ये हृदयं वेगवेगळ्या दिवशी मिळाली, म्हणून तिथे एकाच दिवशी दोन्ही रांगांत माणसं होती आणि तुलना शक्य झाली. निकाल फार उत्साहवर्धक नव्हता. त्या काळात शस्त्रक्रियेने सरसकट आयुष्य वाढतं असं ठामपणे म्हणता येत नव्हतं. वयाचा परिणाम मात्र दिसत होता, तरुणांची स्थिती बरी होती.

या १०३ रुग्णांच्या नोंदी आज ‘आर’ या संगणकभाषेच्या ‘सर्व्हायव्हल’ पॅकेजबरोबर कुणालाही फुकट मिळतात. उघडून बघा. ज्यांना हृदय मिळालं त्यांच्या दोन-दोन ओळी आहेत. एक दाखल झाल्यापासून शस्त्रक्रियेपर्यंतची, दुसरी तिथून शेवटपर्यंतची. माझ्यासारख्या कोड लिहिणाऱ्याला हे लगेच पटतं: अवस्था बदलली की नवी ओळ. तरी आमच्या धंद्यात ‘प्रीमियम घेणारे ग्राहक जास्त काळ टिकतात’ असे आलेख मीटिंगमध्ये सर्रास टाळ्या घेतात. जो तिसऱ्या दिवशीच ॲप काढून टाकतो तो प्रीमियम घेणार कधी?

डॉक्टरांनाही ही सवय सुटलेली नाही. २००१मध्ये त्याच ‘अ‍ॅनल्स’मध्ये ऑस्कर जिंकलेले कलाकार इतरांपेक्षा ३.९ वर्षं जास्त जगतात असा अभ्यास आला आणि जगभर गाजला. पुरस्कार मिळण्याआधीची वर्षंही विजेत्यांच्या खात्यात धरली होती. २००६मध्ये, पुन्हा ‘अ‍ॅनल्स’मध्येच, हिशेब नीट मांडला गेला. फरक वर्षभराच्या आसपास आला, तोही निव्वळ योगायोगाने पडू शकेल इतकाच.

शमवेंच्या जिद्दीला मात्र मी कमी लेखणार नाही. गेल यांच्या लेखाचा अर्थ ‘शस्त्रक्रिया वाईट’ असा नव्हता, ‘या आकड्यांवरून सांगता येत नाही’ एवढाच होता. स्टॅनफर्डने सत्तरच्या दशकात शिरेतून बारीक चिमटा घालून हृदयाचा कण काढायची आणि नकाराची चाहूल आधीच घ्यायची पद्धत रुळवली. ऐंशीच्या दशकात सायक्लोस्पोरिन हे औषध आलं आणि चित्र पालटलं. भारतात १९९४मध्ये अवयवदानाचा कायदा झाला. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाल यांनी देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण केलं. परळमधल्या त्या तीन तासांनंतर सव्वीस वर्षांनी.

हृदयं आजही मोजकीच मिळतात आणि यादी असतेच. आता वाट पाहणाऱ्याच्या छातीत यांत्रिक पंप बसवता येतो, औषधंही सुधारली आहेत, त्यामुळे वाट पाहणारेही पूर्वीपेक्षा जास्त जगतात. आलेलं हृदय यादीतल्या कुणाला दिलं तर सर्वाधिक आयुष्य वाचेल हे ठरवताना, अजूनही आधी प्रत्येकाचे वाट पाहण्याचे दिवस वेगळ्या ओळीत लिहावे लागतात.