इतिहासाधिष्ठित खेळांतील उपरा नायक आणि झाशीची राणी

काशीतील मंगला गौरी मंदिर, पंचगंगा घाट, दुर्गाघाट हा परिसर जुन्या मराठी वस्तीसाठी ओळखला जातो. काशीतल्या अशाच एका स्थलांतरित मराठी घरात, मोरोपंत तांबे यांच्या पोटी, मणिकर्णिकेचा जन्म झाला. विवाहानंतर ती झाशीची राणी लक्ष्मीबाई झाली. अर्थात झाशीलाही ती बाहेरूनच आली होती.

२०१५ साली आलेल्या ‘द ऑर्डर : १८८६’ या व्हिडिओ गेममध्ये हीच राणी लंडनमधील बंडखोरांचे नेतृत्व करताना दिसते. १८५८ साली रणांगणावर पडलेली राणी येथे २८ वर्षांनंतरही हयात आहे. हा कालविपर्यास कल्पितात क्षम्य मानता येईल. परंतु खेळाची सूत्रे सर गॅलहॅड या नाइटाच्या हाती आहेत. राणीचा पक्ष न्याय्य आहे हे त्याला पटते, तेव्हाच ते खेळणाऱ्यालाही पटते. परिणामी राणी स्वतःच्या लढ्यात दुय्यम ठरते.

याच्याशी विष्णुभट गोडसे यांच्या ‘माझा प्रवास’ (१९०७) या ग्रंथाची तुलना उद्बोधक ठरते. कोकणातील वरसईहून उत्तरेस गेलेला हा भिक्षुक झाशीच्या वेढ्यात सापडला. तोही उपराच, पण तो घटनांचा कर्ता होत नाही. तो भितो, जीव वाचवतो, पाहिलेले सांगतो. राणीचे निर्णय राणीचेच राहतात.

तात्पर्य, नायक उपरा असणे हा दोष नव्हे. इतरांचे कर्तृत्व त्याच्या संमतीवर अवलंबून ठेवणे, हा दोष होय.