ओठावरची लव, शिकागो आणि आपल्या मुली



मुलगी सहावी-सातवीत गेली की शॉमबर्गमधल्या आयांच्या गप्पांत एक प्रश्न हमखास येतो, तोही आवाज खाली करून: "हिच्या ओठावर लव दिसायला लागलीय. आत्तापासून थ्रेडिंग करू का?" मी डॉक्टर नाही, सीए आहे. पण या विषयाचा बराच इतिहास आपल्या शिकागोत घडलाय आणि तो आपल्या मुलींच्या कामाचा आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आपल्याकडचे जुने उपाय घरगुती. बाळाची लव जावी म्हणून डाळीचं पीठ, साय आणि हळद चोळायची, वयात आलेल्या मुलीलाही तेच सांगायचं. केस फारसे जात नसत, पण मोठी इजाही होत नसे. अमेरिकेत मात्र याचा धंदा झाला.

1920 च्या दशकात न्यूयॉर्कच्या डॉ. अल्बर्ट गायझर यांनी 'ट्रायको' नावाचं क्ष-किरण यंत्र ब्यूटी पार्लरांमध्ये आणलं. बाई समोर काही मिनिटं बसायची. दुखायचं नाही आणि केस खरंच गळायचे. परिणाम पुढे दिसले: सुरकुतलेली त्वचा, न भरणाऱ्या जखमा, काहींना वर्षांनंतर कर्करोग. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचं मुख्यालय शिकागोत आहे. तिने 1929 मध्ये या यंत्राचा जाहीर निषेध केला.

तोवर पुढचं उत्पादन आलंच. 1930 मध्ये 'कोरेम्लू' नावाचं क्रीम बाजारात आलं. त्यात थॅलियम होतं, म्हणजे उंदीर मारायचं विष. ओठावर लावलेल्या क्रीमने डोक्यावरचे केस गेले, पाय लुळे पडले, काहींची नजर गेली. 1932 मध्ये कंपनीने दिवाळखोरी जाहीर केली, तेव्हा देणी 25 लाख डॉलरच्या वर होती. ताळेबंद कसाही वाचा, त्या बायकांच्या हाती काही लागण्यासारखं नव्हतं.

सरकार काय करत होतं? 1906 च्या कायद्यात सौंदर्यप्रसाधनं नव्हतीच. ती कायद्याखाली यायला 1938 साल उजाडलं. पण मला वाटतं, कायद्याइतकीच लाजही कारणीभूत होती. तक्रार करायची म्हणजे 'माझ्या हनुवटीवर केस होते' हे चारचौघांत सांगायचं. ज्या गोष्टीबद्दल कुणी बोलत नाही, तिच्यावर काहीही विकता येतं.

आता दुसरी बाजू. 1935 मध्ये शिकागोच्या मायकेल रीस हॉस्पिटलमधल्या अर्विंग स्टाइन आणि मायकेल लेव्हेन्थल या डॉक्टरांनी सात बायकांची माहिती प्रसिद्ध केली. पाळी अनियमित किंवा बंद, काहींच्या अंगावर जास्त केस, आणि अंडाशय मोठे, गाठीगाठींचे. हे सगळं त्यांनी एकत्र बघितलं. अंडाशयाचा थोडा भाग काढल्यावर सातही जणींची पाळी पुन्हा सुरू झाली, दोघींना दिवस गेले. आज आपण ज्याला पीसीओएस म्हणतो, त्याचं जुनं नाव 'स्टाइन-लेव्हेन्थल सिंड्रोम'. ते हॉस्पिटल 2009 मध्ये बंद झालं. ती शस्त्रक्रियाही आता सहसा करत नाहीत, औषधं आली. पण मुद्दा टिकून आहे: केस कधी कधी निरोप घेऊन येतात.

आपल्यात हे दुर्मीळ नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या मुंबईतल्या किशोरवयीन आणि तरुण मुलींच्या पाहणीत एका निकषाने 22.5 टक्के, तर दुसऱ्या कडक निकषाने 10.7 टक्के मुलींमध्ये पीसीओएस आढळलं.

थोडं माझ्या क्षेत्रातलं. 1982 मध्ये आयआरएसने इलेक्ट्रोलिसिसचा खर्च वैद्यकीय खर्च म्हणून मान्य केला होता. 1990 च्या कायद्याने तो 'कॉस्मेटिक' ठरवून वगळला. त्यामुळे केस काढण्याचा खर्च सहसा खिशातूनच करावा लागतो. पण केस का येताहेत याची तपासणी ही वैद्यकीय बाब आहे, ती कॉस्मेटिक समजून सोडू नका.

मग करायचं काय?

पाळी नियमित असेल आणि आई-आत्या-मावशीलाही अशीच लव असेल, तर बहुतेक वेळा ती घराण्याची देणगी असते. काढायची की नाही हे मुलीला ठरवू दे. रेझरने केस जाड होतात ही भीती सोडा, 1928 मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर यांनी ती तपासून खोटी ठरवली होती. लेझर करायचंच तर सावळ्या त्वचेसाठी कुठलं मशीन वापरतात हे आधी विचारा. आपल्या रंगाला सहसा 1064 नॅनोमीटरचं एनडी-याग जास्त सुरक्षित.

पाळी सुरू होऊन वर्ष उलटल्यावरही दोन पाळ्यांत तीन महिन्यांहून जास्त अंतर पडत असेल, किंवा हनुवटी, छाती, पोटावर जाड काळे केस येत असतील, तर पार्लरच्या आधी डॉक्टर. केस झपाट्याने वाढले किंवा आवाज घोगरा झाला, तर लगेच.

आणि हे मुलीशी मोकळ्या आवाजात बोला. आई कुजबुजली की मुलीला वाटतं, आपल्यातच काहीतरी वाईट आहे.

तुमचे अनुभव खाली जरूर लिहा. फक्त मुलीचं नाव किंवा फोटो टाकू नका, आणि लिहिण्याआधी तिला विचारा.