गाऱ्हाण्याची मागणी झाली तेव्हा

वर्तमानपत्र वाचणे हे पुष्कळदा चहाबरोबरचे काम समजले जाते. जगात काय चालले आहे ते कळले, चार घटका चर्चा झाली, की घडी घालून पत्र बाजूला ठेवावयाचे. पण बातमी ठाऊक असणे आणि न्याय मिळणे यांचा काही सांधा आहे काय? याचे उत्तर मुंबईच्या गिरणी-कामगारांच्या इतिहासात सापडते.

१ जानेवारी १८७७ रोजी कृष्णराव भालेकर यांनी पुण्यात 'दीनबंधु' हे पत्र सुरू केले. जोतीराव फुले यांनी १८७३ साली स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या विचारांचे हे पत्र. १८८० साली ते मुंबईस आले आणि नारायण मेघाजी लोखंडे यांच्या हाती गेले. लोखंड्यांनी स्वतः गिरणीत नोकरी केलेली होती. तेथला दिवस किती लांब असतो, हे त्यांना कोणी शिकवावयास नको होते.

त्या काळी कायदा नव्हताच, असे मात्र नाही. कारखान्यांचा पहिला कायदा १८८१ साली झाला. त्याने सात वर्षांखालील मुलांना कामावर घेण्यास बंदी केली आणि सात ते बारा वर्षांच्या मुलांचे काम रोज नऊ तासांवर आणले. मोठ्या माणसांच्या तासांविषयी तो मुका होता. पुढे १८८४ साली मुंबई सरकारने या प्रश्नाच्या चौकशीसाठी कमिशन नेमले.

ही संधी लोखंड्यांनी ओळखली. त्या सप्टेंबरात त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा अर्ज तयार केला. त्यातील मागण्या पाहा: रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विसावा, काम सकाळी साडेसहापासून सूर्यास्तापर्यंतच, पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आत, आणि कामावर जखमी झालेल्यास भरपाई.

"आम्हांवर जुलूम होतो" हे गाऱ्हाणे. त्यावर सहानुभूती मिळते. "दुपारी अर्धा तास द्या" ही मागणी. तिला हो किंवा नाही असे उत्तर द्यावेच लागते. पण मागणी करावयाची तर कायद्यात काय आहे, काय नाही, चौकशी कोण करीत आहे आणि केव्हा, हे ठाऊक असावे लागते. चालू घडामोडींचे ज्ञान येथे करमणूक राहिले नाही, ते हत्यार झाले.

अर्ज करताच सुटी मिळाली नाही. सहा वर्षे गेली. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर दहा हजार कामगार जमले. त्या सभेत दोन स्त्री-कामगारही बोलल्या. १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. पुढे १८९१ च्या कायद्याने आठवड्याची सुटी व दुपारचा अर्धा तास मान्य केला आणि स्त्रियांचे काम अकरा तासांवर आणले. पुरुषांच्या तासांना मर्यादा पडावयास मात्र १९११ साल उजाडावे लागले. लोखंडे ते पाहू शकले नाहीत. १८९७ च्या प्लेगात त्यांचा अंत झाला.

आज रविवारी आपण निवांतपणे वर्तमानपत्र उघडतो. तो निवांतपणा असा मिळविलेला आहे. तेव्हा बातमी वाचून झाल्यावर पत्राची घडी घालण्यापूर्वी एक प्रश्न स्वतःस विचारावा: यात कोणाचे गाऱ्हाणे आहे, आणि त्याची मागणी कशी होईल?