एका अवे गेमची गोष्ट

कॉलेज बास्केटबॉलचे चाहते दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार घरच्या मॅचला जातो. हॉस्टेलमधून चालत निघायचं, आपल्याच रंगाच्या गर्दीत बसायचं, मनसोक्त बोंबलायचं आणि जिंकलो काय, हरलो काय, रात्री आपल्याच गादीवर झोपायचं. दुसरा प्रकार जरा येडा. तो टीमच्या मागे दुसऱ्याच्या गावाला जातो. पेट्रोल स्वतःचं, तिकीट सगळ्यात वरच्या रांगेतलं आणि आजूबाजूची हजारो माणसं आपली टीम हरावी म्हणून घसा फोडणारी. याला म्हणतात अवे गेम.

माझा शिकागोतला रूममेट या दुसऱ्या प्रकारातला. तो नॉर्थवेस्टर्न युनिव्हर्सिटीत शिकलाय. मी नाही, पण एकाच घरात दोन हिवाळे काढले की असले रोग लागतातच. तर एका शनिवारी नॉर्थवेस्टर्नची मॅच होती मिशिगन स्टेट युनिव्हर्सिटीत, ईस्ट लॅन्सिंगला. शिकागोहून साधारण साडेतीनशे किलोमीटर. डब्यात धपाटे आणि लसणाची चटणी भरली, जांभळे टी-शर्ट चढवले (वरून दोन जाड जॅकेटं, जानेवारी होता) आणि निघालो.

त्याला मॅचची ओढ होती. मला मात्र तिथल्या एका जुन्या इमारतीची ओढ जास्त होती. कारण असं की आम्ही राहतो रॉजर्स पार्कमध्ये. शिकागोत राहिलेल्या कुणालाही डेव्हन ॲव्हेन्यू सांगायला नको. डाळ-तांदूळ, मसाले, मिठाई, साड्या, सगळं तिथेच. त्याच डेव्हनवरून पूर्वेकडे चालत राहिलं की लेक मिशिगनच्या अलीकडे लॉयोला युनिव्हर्सिटी लागते. या लॉयोलाची टीम १९६३ मध्ये ईस्ट लॅन्सिंगला एक मॅच खेळली होती. अमेरिकेत त्या मॅचला आज 'गेम ऑफ चेंज' म्हणतात. ती झाली जेनिसन फील्डहाऊस नावाच्या इमारतीत. आमच्या मॅचला दीड तास होता. म्हटलं, आधी ती बघू.

जेनिसन १९४० ची. मिशिगन स्टेटच्या मॅचेस १९८९ पर्यंत तिथेच व्हायच्या, मॅजिक जॉन्सनही कॉलेजात असताना तिथेच खेळला. आता मोठ्या मॅचेस ब्रेसलिन सेंटरमध्ये होतात. बाहेरून बघाल तर आपल्याकडच्या एखाद्या जुन्या सरकारी इंजिनिअरिंग कॉलेजसारखी, विटांची, गंभीर चेहऱ्याची इमारत. रूममेटने एक फोटो काढला आणि थंडीने कुडकुडत विचारलं, "इथे नक्की झालं काय होतं?" परतीच्या वाटेवर गाडीत मी त्याला जे सांगितलं, तेच इथे जरा नीट लिहितोय.

मिसिसिपी हे अमेरिकेच्या दक्षिणेतलं राज्य. शाळा, बस, हॉटेल, सगळीकडे गोऱ्यांसाठी वेगळं आणि काळ्यांसाठी वेगळं. १९५४ मध्ये सुप्रीम कोर्टाने शाळांमधला वर्णभेद घटनाबाह्य ठरवला, तशी तिथल्या राज्यकर्त्यांनी पकड आणखी आवळली. यातूनच एक नियम आला: राज्याच्या गोऱ्या युनिव्हर्सिट्यांच्या टीमने अशा कुठल्याही टीमशी खेळायचं नाही, जिच्यात एकही कृष्णवर्णीय खेळाडू आहे. घरच्या मैदानावर नाही आणि बाहेर जाऊनही नाही. गंमत म्हणजे हा नियम कुठल्याच पुस्तकात लिहिलेला नव्हता. तो कायदा नव्हता, ठराव नव्हता. पण तो मोडला तर विधानसभा युनिव्हर्सिटीचे पैसे रोखेल ही भीती सगळ्यांना होती, आणि तेवढी पुरेशी होती.

आमच्या धंद्यातल्या लोकांना हा प्रकार लगेच कळेल. प्रत्येक जुन्या सिस्टिममध्ये एक तरी ओळ अशी असते, की ती कुणी लिहिली, का लिहिली, कुणालाच माहीत नसतं. पण ती काढायची म्हटली की हात थरथरतो. "राहू दे रे, काहीतरी बंद पडेल." वर्षं जातात, माणसं बदलतात, ओळ तिथेच.

आता या न लिहिलेल्या ओळीची किंमत बघा. मिसिसिपी स्टेट युनिव्हर्सिटीची टीम तेव्हा जबरदस्त होती. कोच होते बेब मॅकार्थी. १९५९ मध्ये टीमने २४ मॅच जिंकल्या, फक्त १ हरली. बेली हॉवेलसारखा खेळाडू त्यांच्याकडे होता, जो पुढे प्रोफेशनल बास्केटबॉलमध्ये खूप गाजला. त्यांच्या साऊथईस्टर्न कॉन्फरन्सचे ते विजेते ठरले. विजेत्याला राष्ट्रीय स्पर्धेचं, म्हणजे एनसीएए टूर्नामेंटचं आमंत्रण मिळतं. त्यांनी नकार दिला, कारण तिथे कृष्णवर्णीय खेळाडू समोर येणार. १९६१ मध्ये पुन्हा विजेते, पुन्हा नकार. १९६२ मध्ये पुन्हा २४ विजय आणि १ पराभव, पुन्हा नकार. तिन्ही वेळा त्यांच्या जागी केंटकीची टीम गेली. म्हणजे वर्षभर घाम गाळायचा, पहिलं यायचं आणि मग घरी बसून रेडिओवर ऐकायचं की आपण ज्याला मागे टाकलं तो पुढे कसा खेळतोय. अन्याय मुख्यतः कुणावर होता हे उघड आहे. मिसिसिपीतल्या कृष्णवर्णीय मुलांना तर त्या कॉलेजच्या दारातून आतही जाता येत नव्हतं. पण भिंत बांधली की बांधणारेही आतच अडकतात, ते असं.

१९६३ मध्ये ही टीम चौथ्यांदा जिंकली. आणि काळ तर भलताच तापलेला. सहाच महिन्यांपूर्वी जेम्स मेरेडिथ या कृष्णवर्णीय तरुणाला मिसिसिपी युनिव्हर्सिटीत प्रवेश मिळाला होता, आणि त्यावरून झालेल्या दंगलीत दोन माणसं मेली होती. राज्याचे गव्हर्नर रॉस बार्नेट वर्णभेदाचे कट्टर समर्थक. अशा वेळी मिसिसिपी स्टेटचे अध्यक्ष डीन कोल्व्हर्ड यांनी मार्चच्या सुरुवातीला जाहीर केलं, की सक्षम अधिकाऱ्याने अडवलं नाही तर आमची टीम या वेळी जाणार. विद्यार्थी त्यांच्या बाजूने होते. पेपरांमधून टीका झाली, गव्हर्नरांनी विरोध केला, पण युनिव्हर्सिट्यांच्या राज्य मंडळानेही मतदान घेऊन कोल्व्हर्ड यांचा निर्णय कायम ठेवला.

मग आली खरी पिक्चरमधली गोष्ट. बुधवार, १३ मार्च. टीम निघायच्या आदल्या दिवशी बिली मिट्स (हे एकेकाळी याच कॉलेजचे चीअरलीडर!) आणि बी. डब्ल्यू. लॉसन यांनी कोर्टातून मनाई हुकूम मिळवला: टीमने राज्याबाहेर जायचं नाही. आता असा हुकूम ज्याच्यावर आहे त्याच्या हातात पडायला लागतो. माणूसच सापडला नाही तर? कोल्व्हर्ड निघाले शेजारच्या अलाबामा राज्यात. मॅकार्थी आणि काही सहकारी रातोरात गाडीने मेम्फिसला गेले, तिथून विमानाने नॅशव्हिलला. दोन्ही शहरं टेनेसी राज्यात, म्हणजे मिसिसिपीच्या कोर्टाच्या हद्दीबाहेर. राहिली टीम. गुरुवारी सकाळी आधी राखीव खेळाडूंना विमानतळावर पाठवलं. पोलीस अडवतात का, ते बघायला. कुणी अडवलं नाही. मग मुख्य खेळाडू आले, विमानात बसले आणि उडाले. नॅशव्हिलला कोच भेटले आणि तिथून सगळे मिशिगनला. तिकडे राज्याच्या सुप्रीम कोर्टाच्या एका न्यायमूर्तींनी त्या मनाई हुकमाला स्थगितीही दिली.

थोडा विचार करा. आम्ही अवे गेमला निघालो तेव्हा आमचा सगळ्यात मोठा प्रश्न होता पार्किंग कुठे मिळेल. ही विशीतली पोरं एक बास्केटबॉल मॅच खेळायला स्वतःच्याच राज्यातून पळून जात होती.

आणि समोर कोण होतं? लॉयोला शिकागो. कोच जॉर्ज आयर्लंड. सुरुवातीच्या पाच खेळाडूंपैकी चार कृष्णवर्णीय: जेरी हार्कनेस, लेस हंटर, व्हिक राउझ आणि रॉन मिलर. पाचवा जॉन ईगन, गोरा. हेही सोपं नव्हतं, कारण न लिहिलेला नियम काही फक्त दक्षिणेत नव्हता. उत्तरेतल्या कोचेसमध्येही एक समज होता की कोर्टवर एका वेळी दोन, फार तर तीन कृष्णवर्णीय खेळाडू ठेवायचे, त्याहून जास्त नाही. आयर्लंड यांनी तो झुगारला. डिसेंबर १९६२ मध्ये वायोमिंगविरुद्ध तर त्यांनी पाचही कृष्णवर्णीय खेळाडू एकाच वेळी उतरवले.

लॉयोलाच्या या पोरांसाठी अवे गेमचा अर्थ काय होता? न्यू ऑर्लिन्सला गेले तर टीमच्या गोऱ्या आणि काळ्या खेळाडूंना वेगवेगळं राहावं लागलं. ह्यूस्टनला प्रेक्षकांनी शिव्या तर दिल्याच, वर वस्तूही फेकल्या. ईस्ट लॅन्सिंगच्या मॅचआधी हार्कनेसला धमकीची पत्रं आली, तीही थेट हॉस्टेलच्या पत्त्यावर. मिसिसिपीच्या खेळाडूंनी एकदा धाडस केलं आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. पण हार्कनेस आणि मंडळींना ते धाडस दर अवे गेमला करावं लागत होतं, आणि त्याबद्दल तेव्हा कुणी फार बोलत नव्हतं. ही गोष्ट सांगताना हा भाग गाळला जातो असं मला वाटतं, म्हणून मुद्दाम लिहितोय.

शुक्रवार, १५ मार्च १९६३. मॅच सुरू होण्याआधी दोन्ही कॅप्टन मध्ये आले. हार्कनेस आणि मिसिसिपी स्टेटचा जो डॅन गोल्ड. दोघांनी हस्तांदोलन केलं आणि कॅमेऱ्यांचे फ्लॅश धडाधड उडाले. हार्कनेस नंतर सांगायचा की इतके फ्लॅश उडाल्यावरच त्याला कळलं, ही नुसती मॅच नाहीये. मिसिसिपी स्टेटने सुरुवातीला ७-० अशी आघाडी घेतली, पण शेवटी लॉयोला ६१-५१ ने जिंकली. मॅच स्वच्छ झाली. मारामारी नाही, आरडाओरडा नाही. ज्या गोष्टीला एक अख्खं राज्य घाबरत होतं, ती एका संध्याकाळी झाली आणि संपली. दुसऱ्या दिवशी मिसिसिपी स्टेटने तिसऱ्या क्रमांकासाठी बोलिंग ग्रीनला ६५-६० ने हरवलं. त्या टीममध्ये नेट थर्मंड होता, पुढे प्रचंड नाव कमावलेला कृष्णवर्णीय खेळाडू. म्हणजे नियम एकदा नाही, दोनदा मोडला.

लॉयोला पुढे फायनलला गेली. आठ दिवसांनी लुईव्हिलला समोर सिनसिनाटी, लागोपाठ दोन वर्षांची विजेती टीम. दुसऱ्या हाफमध्ये लॉयोला १५ पॉइंटनी मागे होती. तिथून बरोबरी केली आणि ओव्हरटाइममध्ये अगदी शेवटच्या क्षणी व्हिक राउझने रिबाउंड घेऊन बॉल टाकला. ६०-५८. त्या फायनलला दोन्ही बाजूंच्या सुरुवातीच्या दहा खेळाडूंपैकी सात कृष्णवर्णीय होते. 'ग्लोरी रोड' पिक्चर पाहिलेल्यांना टेक्सस वेस्टर्नची १९६६ ची फायनल आठवेल. ही गोष्ट त्याच्या तीन वर्षं आधीची.

मग मिसिसिपीत काय झालं? टीम परतली तेव्हा विमानतळावर लोक स्वागताला आले होते. कोल्व्हर्ड यांची नोकरी गेली नाही, ते १९६६ पर्यंत अध्यक्ष होते. न लिहिलेला नियम तिथेच संपला. ओळ काढली आणि काही बंद पडलं नाही. इतकी वर्षं नियमाची ताकद फक्त एवढीच होती, की कुणी तो तपासून पाहिला नव्हता.

पण म्हणून एका मॅचने सगळं बदललं असं मी म्हणणार नाही. तीनच महिन्यांनी, जून १९६३ मध्ये, त्याच मिसिसिपीत मेडगर एव्हर्स या नागरी हक्कांच्या कार्यकर्त्याचा त्याच्या घरासमोर खून झाला. मिसिसिपी स्टेटमध्ये पहिला कृष्णवर्णीय विद्यार्थी आला १९६५ मध्ये. त्यांच्या बास्केटबॉल टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू दिसायला १९७० चं दशक उजाडावं लागलं. शिवाय मिसिसिपीचे ते खेळाडू काही समाजसुधारक नव्हते. त्यांना फक्त चांगल्या टीमशी खेळायचं होतं. पण मला वाटतं, महत्त्वाचं तेच आहे. दुसऱ्याच्या गावात जाऊन, त्याच्यासमोर उभं राहून, हात मिळवून खेळल्याशिवाय आपण कोण आहोत हे आपल्यालाही नीट कळत नाही. घरच्या मैदानावर सगळेच शेर असतात.

जो डॅन गोल्ड २०११ मध्ये गेला. हार्कनेस त्याच्या अंत्यविधीला गेला, तेव्हा शवपेटीजवळ त्याच हस्तांदोलनाचा फोटो ठेवलेला होता. पुढच्या वर्षी, डिसेंबर २०१२ मध्ये, मिसिसिपी स्टेटची टीम शिकागोला लॉयोलाच्या मैदानावर खेळायला आली. या वेळी कोर्टाचा हुकूम नव्हता आणि रातोरात कुणाला पळावं लागलं नाही. यजमान लॉयोला ५९-५१ ने जिंकली, आणि मिसिसिपीहून आलेल्या टीममध्ये कृष्णवर्णीय खेळाडू आहेत याची बातमी करावी असं कुणालाही वाटलं नाही.